पालकासाठी आणलेला पंखा

मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर वाढणारा पालक मी हॉलमध्ये लावला आहे. पानांवर ओल राहिली की बुरशी धरते, म्हणून आज त्याच्यासाठी छोटा पंखा आणला. रोपांना उजेड देणारा दिवा जरा वर घेतला, पानं उलटून माव्याची कीड पडलीय का पाहिलं. पानं वाऱ्यावर डोलू लागली आणि मी कौतुकानं बघत राहिले.

तेवढ्यात सासूबाई खुर्ची ओढत आल्या. त्यांचं पोलकं घामानं भिजलं होतं. "इथे बसू का गं जरा? माझ्या खोलीतला पंखा अजून बंदच आहे."

तो बिघडल्याचं त्यांनी मला सांगितलं होतं. एखादं पान पिवळं पडलं तर मला न सांगता कळतं. माणसाचं मात्र सांगूनही विसरले.

मी पंखा त्यांच्याकडे वळवला.

"अगं, राहू दे. तुझ्या रोपांना लागतो ना?"

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच मला त्यांच्याकडे बघवेना.