उपटून पाहायचं नाही

दिघोरीला धानाची रोपं लावायच्या रोवणीत लहानग्या नत्थूनं नुकताच लावलेला एक कोमेजलेला पऱ्हा उपटून पाहिला, तेव्हा आई कडाडली, "उपटून काहून पाहून राहिला? आठ दिवस पिवळाच राहते, मंग मूळ धरते."

एकोणीसशे एकोणऐंशीत नत्थू ख्रिस्ती झाला, मिशनरी म्हणून गावोगाव फिरू लागला. लोक दार लावून घेत. तो आईचं बोलणं आठवून देवावर भार टाकायचा.

ऐन रोवणीत आई गेली. धर्म सोडला म्हणून बापानं त्याला खांदा देऊ दिला नाही. नत्थू आईच्या बांधीत, धानाच्या चिखलात उतरला आणि तिची अर्धी राहिलेली रोवणी त्यानं एकट्यानं पुरी केली.

आठवड्यानं बांधी हिरवी झाली. शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून तो म्हणाला, "देवा, मी आजून पिवळाच आहो. पण उपटून नाही पाहत."