लग्नाची भिंत

गुलबर्ग्याच्या जुन्या गल्ल्यांतून वैशाखातल्या दुपारी चालताना डोळे आधी उन्हाने दिपतात आणि मग भिंतींनी. पांढऱ्याशुभ्र चुन्यावर समोरासमोर सोंड उचललेले दोन गुलाबी हत्ती, त्यांच्या पाठीवर पोपटी पोपट, दाराच्या दोन्ही अंगांना निळ्या मिशांचे भालदार, आणि या साऱ्या वैभवाच्या मधोमध, केळीच्या दोन खुंटांमध्ये, ठसठशीत अक्षरांत वधूवरांची नावे! ज्या घरी लग्न, त्या घराची भिंत अशी नटायची. भालदारांच्या मिशा निळ्या का, हे मी एकदा आमच्या करीम पेंटरांना विचारले होते. ते म्हणाले, "काला रंग महाग पडताय बेटी, और निळी मूँछ में रुबाब भी आताय." या उत्तरावर मी आजही समाधानी आहे.

कलेचे नाव काढले की आपल्याला सोनेरी चौकट आठवते, पायांतली पादत्राणे बाहेर काढून शिरावे असे दालन आठवते. आमच्या शहराची सारी चित्रकला मात्र रस्त्यावर उभी होती आणि तिच्या अंगाला बकऱ्या पाठ घाशीत. एका भिंतीवर निवडणुकीची चिन्हे, दुसरीवर नव्या सिनेमाची डोळे वटारलेली नायिका, तिसरीवर उरसाचे उर्दू आवतण, आणि कोपऱ्यावर कुटुंबनियोजनाचा सरकारी लाल त्रिकोण, ज्याकडे बायका न पाहिल्यासारखे करून पाहत. मराठी, कन्नड, उर्दू, तिन्ही लिप्या एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून नांदत होत्या, आणि पेंटर एकच असल्यामुळे तिन्हींची वळणे थोडी सख्ख्या बहिणींसारखी दिसत. या चित्रांखाली कोणाची सही नसे. ती फार दिवस टिकावीत अशी कोणाची अपेक्षाही नसे. मला या भिंती मनापासून आवडतात. पण एका उन्हाळ्यात त्यांतल्या एका भिंतीचा मी इतका द्वेष केला, की तिच्याकडे न पाहता घरात शिरता यावे म्हणून मी मान वाकडी करून चालायला शिकले.

ती भिंत आमच्याच घराची होती.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. आम्ही मूळचे आळंद तालुक्यातल्या खजुरीचे; अप्पा इथल्या एका डाळमिलमध्ये नोकरीला लागले म्हणून शहरात आलो. माझ्या थोरल्या बहिणीचे, विमलअक्काचे, लग्न उदगीरच्या दत्तात्रय नावाच्या मुलाशी ठरले. त्याच उन्हाळ्यात अक्काला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला जागा मिळाली होती, आणि वर्ग सुरू होणार होते मृगाच्या सुमारास. अप्पांना दोन्ही बातम्यांचा आनंद सारखाच झाला, आणि आनंद झाला की अप्पांना घाई होत असे. भिंत रंगवायची ती लग्नाच्या दोन-चार दिवस आधी. पण निवडणुका तोंडावर आलेल्या. एकदा का पक्षवाल्यांनी करीमभाईंना धरले, की ते महिनाभर कोणाला दिसायचे नाहीत. म्हणून अप्पांनी मुहूर्ताच्या कितीतरी आधीच त्यांना बोलावून भिंत सजवून घेतली. एवढ्यावर थांबतील तर ते अप्पा कसले? कन्नड शेजाऱ्यांनाही वाचता यावे म्हणून दोन्ही नावे दोन लिप्यांत लिहून घेतली, आणि रंग उडू नये म्हणून त्यात दुप्पट डिंक घालायला लावला.

आठवड्यात उदगीरहून निरोप आला: मुलीने ट्रेनिंगचे खूळ सोडावे, आमच्या घरच्या सुना शाळेत शिकवायला जात नाहीत. अक्का तेव्हा तूर पाखडत होती. सूप खाली न ठेवता ती म्हणाली, "मग मला न्हाई जायचं त्या घरी." आई रडली. अप्पा म्हणाले, "मोडलं तर मोडलं." त्या क्षणी मला अप्पांचा जो अभिमान वाटला, तो पुढे त्यांच्या अनेक गमती सहन करायला मला पुरला.

लग्न मोडले, पण भिंत? तुम्ही म्हणाल, त्यात काय, एक हात चुन्याचा मारला की झाले. आमच्याकडे तसे चालत नाही. लग्नाची भिंत घरच्यांनी हाताने पुसायची नसते. ती पावसाने धुऊन जावी, नाहीतर पुढच्या लग्नाच्या चुन्याखाली जावी. मुद्दाम पुसली तर त्या घरात पुन्हा चौघडा वाजत नाही, अशी समजूत. माझ्यामागे आणखी एक बहीण होती. ही समजूत खोटी आहे, असे आईला सांगायची सोय नव्हती. पावसाची वाट पाहावी, तर आमचे पत्र्याचे छप्पर हातभर पुढे आलेले. आणि वरून तो दुप्पट डिंक!

निरोपाला तोंडावर नाही म्हणणारी माझी धीट बहीण त्या भिंतीपुढे मात्र हरली. येणारा-जाणारा थांबून नावे वाचायचा. गल्लीतली पोरे नुकती अक्षरे जोडायला शिकलेली. ती मोठ्याने वाचायची, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. अप्पांच्या कृपेने आमची फजिती वाचता येणार नाही असा गल्लीत कोणी उरलाच नव्हता. अक्काने बाहेर जाणे सोडले. नळाचे पाणी मी भरू लागले. ट्रेनिंगला नाव नोंदवायचे दिवस आले, आणि रोज सकाळी नेसून तयार झालेली अक्का उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरू लागली. ज्या शिक्षणासाठी तिने लग्न नाकारले, तेच एका रंगवलेल्या भिंतीपायी तिच्या हातचे जाते की काय, या भीतीने मला घास गिळवेना. मनुष्य माणसांना तोंड देऊ शकतो, मग अक्षरांना का देऊ शकत नाही? मला वाटते, माणूस बोलून निघून जातो; भिंत मात्र तुम्ही झोपलात तरी बोलतच असते.

अशात एका सकाळी सिद्धव्वा आल्या. गल्लीत आतल्या बाजूला राहणाऱ्या, घरात कन्नड आणि दारात मराठी बोलणाऱ्या, आवाजाने मोठ्या. ज्येष्ठात त्यांच्या मुलाचे लग्न होते. ओसरीवर बसून त्यांनी अप्पांना सरळच विचारले, "अण्णा, एक मागायला आलेय. आमची भिंत गल्लीच्या आत हाय, कोण बघतंय तिला? तुमची रस्त्यावर हाय. माझ्या पोराच्या लग्नाची नावं तुमच्या भिंतीवर लिवू द्या."

  अप्पांनी मान हलवून होकार दिला. आतल्या खोलीत आईने डोळ्यांना पदर लावला. सिद्धव्वांच्या घराची भिंत आमच्याहून रुंद होती आणि नुकतीच गिलावा केलेली होती, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. उपकार करायचा आणि तो मागून न्यायचा, ही रीत त्यांना कोणी शिकवली असेल? माझ्या छातीवरचा धोंडा त्या सकाळी उतरला, आणि मी तीन भाकरी खाल्ल्या.

आणि मला पहिल्यांदा त्या चुन्याच्या चित्रांचा मोठेपणा कळला. देवळातले शिल्प शतकानुशतके टिकते, म्हणून आपण त्याला वंदन करतो. परंतु त्यात झालेली चूकही तितकीच टिकते. चुन्याच्या भिंतीवर उद्याला जागा असते. कालचे हत्ती आजच्या हत्तींसाठी मुकाट्याने बाजूला होतात, त्यांचा राग नाही, रुसवा नाही. अशी उदार कला माणसाच्या संसाराला किती शोभते!

ठरल्या दिवशी करीमभाई चुना कालवून आले. गल्ली जमली. नव्या लग्नाच्या भिंतीवर पहिला कुंचा घरच्या सवाष्णीने मारायचा, मग पेंटरने. सिद्धव्वांची नणंद पदर खोचून पुढे झाली, तोच सिद्धव्वांनी तिला थांबवले आणि दारात येऊन हाक मारली, "विमल, बाहीर ये. पयला कुंचा तुझा."

नणंद कुजबुजली, "मोडल्या लग्नाची पोर हाय ती."

"व्हय, तिनंच मोडलंय," सिद्धव्वा सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या. "पोरगं माझं, लगीन माझ्या घरचं. कुणाचा हात लावायचा ते मी बघते. ये गं विमल, कामून भ्यायलीस?"

कितीतरी दिवसांनी अक्का उंबरा ओलांडून बाहेर आली. उन्हाने तिचे डोळे मिचमिचे झाले. भिंतीसमोर ती उभी राहिली, आणि आम्हा सर्वांना वाटले, आता ही त्या दत्तात्रयाच्या नावावर कुंचा फिरवणार. खरे सांगते, मला तेच पाहायचे होते. अक्काने कुंचा चुन्यात बुडवला, निथळू दिला आणि शांतपणे स्वतःच्या नावावरून फिरवला. आधी मराठी, मग कन्नड. पांढऱ्या ओल्या पट्ट्यांखाली 'विमल' दिसेनाशी झाली, आणि शेजारचे नाव तिथे एकटेच उरले.

मग तिने कुंचा करीमभाईंच्या हाती दिला. "दुसरं तुम्ही पुसा," ती म्हणाली, "मला त्याचं काय करायचंय?"

ती घरात परतली नाही. चुन्याने भरलेला हात तसाच घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेली, आणि मागे वळून मला म्हणाली, "येतीस का? ट्रेनिंगला नाव घालून येऊ."

चपला आत होत्या. मी आणायला गेले नाही. तापलेल्या रस्त्यावरून तशीच तिच्यामागे धावले.