चार म्हणजे किती? : छोट्या गाडीनं भिवापूर

याकोबमामांनी मला भिवापूरला नेलं ते माझ्या भक्तीवर खूश होऊन नव्हे. त्यांना चित्र धरायला कुणीतरी हवं होतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी रामदासपेठेतल्या एका शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. मामा टपालखात्यातून निवृत्त झाले होते आणि दर रविवारी कुठल्या ना कुठल्या मंडळीत उपदेश द्यायचे. मंडळी म्हणजे आमच्या ख्रिस्ती लोकांत एका चर्चचे सगळे सभासद. भिवापूरपलीकडच्या एका खेड्यातल्या मंडळीला स्वतःचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, नव्हता. तिथून बोलावणं आलं आणि मामांनी विषय ठरवून टाकला : शास्त्रातलं कुरण आणि मेंढपाळ.

"मामा, कुरण म्हटलं की आपल्या लोकांना आधी सरकारी खातं आठवतं. आणि तुम्ही आयुष्यात एक तरी मेंढरू हाताळलंय का?"

"तू चित्र धर," मामा म्हणाले.

शनिवारी सकाळी इतवारी स्टेशनवरून अरुंद रुळांची छोटी गाडी पकडली. आता ती गाडी बंद झाली. आज जायचं तर उमरेडवरून चांगला रस्ता आहे, दीड-दोन तासांत पोचाल. तेव्हा गाडीला कसलीच घाई नसायची. एका वळणावर एक गृहस्थ खाली उतरले, रुळाकाठची मूठभर बोरं तोडली आणि मागच्या डब्यात सावकाश चढले. तिकीट मात्र इतकं स्वस्त की मामांनीसुद्धा कुरकुर केली नाही. उमरेडला गरम सांबारवडी मिळाली. (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. पुण्याच्या वाचकांनी वाटी घेऊन उभं राहू नये.)

वडीचं तेल लागलं नाही ना, हे बघायला मामांनी चित्र उलगडलं. परदेशी छापाचं होतं. गुडघाभर हिरवंगार गवत, आणि त्यात पांढरीशुभ्र, गुबगुबीत मेंढरं. समोरच्या बाकावरच्या शेतकऱ्यानं बराच वेळ निरखून पाहिलं.

"कपाशी मस्त फुटली जी," तो म्हणाला. "कोण्या गावची हाये?"

मामांनी चित्र गुंडाळलं आणि भिवापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

भिवापूर स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि आधी शिंकले, मग बघितलं. जिकडेतिकडे लाल मिरची वाळत पडलेली. तुम्ही त्या दिवसांत गेलात तर रुमाल न्या, आणि डोळे चोळू नका. मी चोळले. मंडळीचे कारभारी गुलाबराव बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन न्यायला आले होते. मी रडतेय असं वाटून त्यांनी सगळा रस्ता माझी समजूत काढली. मामा बंडीत बसल्याबसल्या घोरायला लागले, त्यामुळे गुलाबरावांची पुढची कथा मी एकटीनंच ऐकली.

चर्चमागं मंडळीची गवताची एक पट्टी होती. गावातल्या बकऱ्या तिथं चरायच्या. मागच्या महिन्यात त्या शेजारच्या मिरचीच्या वावरात घुसल्या आणि मोठं भांडण झालं.

"म्हणून मी नियम केला. घरटी चार बकऱ्या. ज्याच्या जास्ती, त्यानं इकून टाकाव्या."

"कुणाच्या आहेत जास्तीच्या?"

"मार्थाबाईच्या. सात हायेत. नवरा गेला, वावर नाई, बकऱ्याच हायेत तिले. मलेही बरं वाटत नाई, पण नियम म्हंजे नियम. येत्या बाजारी तीन जातीन."

मामांच्या उपदेशातलं मुख्य वाक्य मला पाठ होतं. प्रभू येशू आपल्या शिष्याला, पेत्राला विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे का? तो हो म्हणतो. मग प्रभू त्याला काम सांगतो : माझी कोकरं चार. म्हणजे चारायला ने, त्यांना खाऊ घाल. पण ज्या गावात चार या आकड्यावरून डोकी तापलीत, तिथं हे वाक्य कसं ऐकलं जाईल, हे मला त्या मिरचीच्या धुरळ्यातही स्वच्छ दिसत होतं.

रात्री गुलाबरावांकडे भाकर, पिठलं आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा. मामांनी ठेचा चटणीसारखा नव्हे, भाजीसारखा वाढून घेतला. त्यानंतर त्यांच्याशी काहीच बोलता आलं नाही. सकाळी सांगायला गेले तर मामा म्हणाले, "उपदेशाआधी मला बोलायला लावू नकोस." मी बाही ओढली, त्यांनी ती सोडवून घेतली.

चर्च छोटं, कौलारू. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. मी चित्र धरून उभी. मामांचा आवाज चढत गेला.

"आणि प्रभू म्हणाला, माझी कोकरं चार!"

गुलाबरावांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलं का वं, मार्थाबाई? चार!"

खिडकीजवळ बसलेली एक काटक बाई ताडकन उठली. "मंग माह्या बाकीच्या तिघी कुठं जातीन?"

मामा गडबडले. पण प्रश्न आध्यात्मिक आहे असं समजून प्रेमानं म्हणाले, "बाई, हरवलेल्याला शोधायला प्रभू स्वतः जातो."

"हरवल्या नाई जी! खुंट्यालेच हायेत!"

मग मी चित्राआडून मामांच्या कानात सगळी हकीकत सांगितली. मामांचे कान लाल झाले. त्यांनी समजावलं, की हा आकडा नव्हे, हे काम आहे. चारणे, त्यातलं चार.

"हे तुमी आता म्हणून राहिले," गुलाबराव म्हणाले.

"नाई जी, आकडाच राहू द्या," मार्थाबाई म्हणाली. "कितीदा म्हटलं देवानं?"

"तीनदा," मामा म्हणाले.

"मंग चार त्रिक बारा!"

चर्चमध्ये हशा पिकला. तिथंच मिटलं असतं. पण पार्सलाच्या वजनातसुद्धा मामांनी कधी खोटं सांगितलेलं नाही.

"नाही, मधल्या वेळी शब्द वेगळा आहे," ते म्हणाले. "मधल्या वेळी 'पाळ' म्हटलंय."

"तरी चार न् चार आठ. माह्या सातच हायेत. एक गाभण हाये, तिचं धरून आठ!"

आता गुलाबरावांचा चेहरा उतरला. माणूस अडला की शास्त्र काढतो, तसं त्यांनी काढलं. "पण तिथं मेंढरं म्हटलं हाये. बकऱ्या तं न्यायाच्या दिवशी डाव्या हाताले."

हसणं थांबलं. शास्त्रात डावी बाजू म्हणजे देवानं नाकारलेल्यांची, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. मार्थाबाई खाली बसली. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मला फार वाईट वाटलं.

मामांनी माझ्या हातातलं चित्र घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

"हे चित्र चुकीचं आहे," ते म्हणाले. "त्या देशात असं गवत नसतं. आपल्यासारखंच ऊन, आपल्यासारखंच वाळकं माळरान. हिरवं म्हणजे पाण्याकाठी उरलेला एखादा तुकडा. तिथवर जो नेतो, त्याचं शास्त्रात कौतुक आहे. आणि तिकडे मेंढरं, बकऱ्या दिवसभर एकाच कळपात चरतात. वेगळ्या करतात त्या संध्याकाळी. ते काम मालकाचं. गुलाबराव, आत्ता तर सकाळ आहे."

गुलाबराव हळूच म्हणाले, "मिरचीत शिरल्या तं?"

"राखीन मी," पदराआडून आवाज आला.

"मंग राहू द्या सातही."

दुपारी मार्थाबाईनं आम्हाला जेवायला बोलावलं. बकरीच्या दुधाचा चहा केला. गाभण बकरीनं दरम्यान मामांच्या उपदेशाचं एक पान खाल्लं. मामा म्हणाले, "खाऊ दे, तिच्यासाठीच होतं." सोमवारी एक पिशवी मिरची आणि दोन सुजलेली नाकं घेऊन आम्ही नागपूरला परतलो. ते चित्र मामांनी पुन्हा कुठं नेलं नाही. मिरची घरात वर्षभर पुरली.

काही आठवड्यांनी गुलाबराव मिरची विकायला नागपुरात आले आणि मामांच्या दारात उभे राहिले. चेहरा फार गंभीर.

"गाभण बकरीनं दोन पिल्लं देल्ली जी," ते म्हणाले. "आता नऊ झाल्या. हिशेब तं आठचाच होता."

"मग? विकायला लावणार?"

"नाई जी. तिले दोघांपुरतं दूध नाई. एक पिल्लू मी घरी नेलं. बाटलीनं पाजून राहिलो. माह्या खाटीखालीच झोपते." ते दाराशीच घुटमळले. "पण नियम मीच केला होता ना. म्हणून म्हटलं, शास्त्रात कुठं बसते का ते इचारून यावं."

मामांनी चष्मा काढून पुसला. दोनदा पुसला.

"मधला शब्द उरलाय ना," ते म्हणाले. "पाळ. त्याला आकडा नाही. आत या, पाळकसाहेब."