परतीचे टाके

धारवाडच्या घरातून निघताना आईनं तळहातावर दही ठेवलं आणि अप्पांनी दारात जमलेल्यांना ऐकवलं, "आमच्या धाकटीचं काळीज वाघाचं आहे हं!" एकटी मुलगी मेलबर्नला निघालेली, सगळ्यांनी माना डोलावल्या. अक्का तेवढी माझ्या बॅगा ऑटोत ठेवत होती.

तिला खरं ठाऊक होतं. आम्ही दोघी बहिणींनी सुभाष रोडवर जिन्यावरची एक खोली बघून ठेवली होती, कसूतीचं, म्हणजे आमच्याकडचं भरतकाम केलेल्या साड्यांचं दुकान काढायला. त्यासाठी अक्कानं शाळेतली कायमची नोकरी सोडली. मी मात्र रोज रात्री हिशेब मांडून बघायचे. गिऱ्हाईकच आलं नाही तर? तेवढ्यात परदेशातल्या नोकरीचं पत्र आलं, पगार ठरलेला, राहायची सोयसुद्धा. मी त्या पत्राआड लपले. अक्का एवढंच म्हणाली, "होगि बा, जाऊन ये. दुकानाचं मी बघते की."

कसूतीत गाठ मारत नाहीत. जाताना एकाआड एक टाके घालायचे आणि त्याच वाटेनं परत येत मधल्या जागा भरायच्या. दुकानाचा पहिला नमुना म्हणून मी एक गोपूर भरायला घेतलं होतं. जातानाचे टाके झाले होते. सुई तशीच कापडात खोचून मी निघून आले.

परवा इथल्या मराठी मंडळानं भारतातून नव्यानं आलेल्या मुलांसमोर 'धाडस' या विषयावर बोलायला बोलावलं. मी काय बोलणार, कपाळ! बारा वर्षं तेच ऑफिस, तीच ट्रॅम. नाही म्हणून कळवलं आणि हे लिहायला बसले. घर सोडणाऱ्या प्रत्येकाला आपण शूर म्हणतो. काहीजण नुसते पळालेले असतात. धाडस अक्कानं केलं, तेही एकटीनं. पहिली दोन वर्षं तो जिना फारसं कोणी चढलं नाही, हे मला आईकडून कळलं. आता पाच बायका तिच्याकडे भरायला बसतात.

गेल्या दिवाळीत गेले, तेव्हा दुकानात माझं गोपूर दिसलं. अजून अर्धंच. सुई गंजून कापडावर डाग पडलेला.

"पुरं का केलं नाहीस ग?"

"तुझं आहे ते." तिनं नवी सुई ओवून हातात दिली. "बस की. राहतेस थोडे दिवस?"

"रजा संपली, अक्का," मी म्हटलं. संपली नव्हती. आठवडा शिल्लक होता.

घर म्हणजे आता माझ्यासाठी ते कापड. अक्कानं ते पुरं केलं नाही आणि टाकूनही दिलं नाही. परत जाऊन त्याच्यासमोर बसायला मला अजून धीर होत नाही.