ठकू पिवळी पडली

गॅरेजमध्ये त्याला सगळे 'थेंबभर' म्हणायचे. ठोकर बसलेल्या गाडीचा पत्रा सरळ झाला की त्या जागेचा नवा रंग बाकीच्या जुन्या रंगाशी जुळवायचा, हे त्याचं काम. डबा ढवळता ढवळता तो स्वतःशीच पुटपुटायचा, "थेंबभर काळा. अजून थेंबभर पिवळा." आणि शेवटी रंग असा जुळायचा, की गाडी नेमकी कुठे चेपली होती ते खुद्द मालकालाही बोट ठेवून सांगता यायचं नाही. ट्यूबलाइटखाली पाहिलेल्या रंगावर मात्र त्याचा काडीचा विश्वास नव्हता. रंगवलेला तुकडा तो फाटकाबाहेर न्यायचा, उन्हात धरायचा, मगच हो म्हणायचा.

चौतिसाव्या वर्षी त्याला मुलगी झाली. कागदोपत्री नाव काहीही असो, घरात ती ठकू. ठकूला सहा महिने पूर्ण झाले आणि तिला दुधाच्या जोडीने भरवायला सुरुवात झाली, तेव्हा घरातल्या तिन्ही मोठ्या माणसांचा घाम निघाला. केळं तिने जिभेने बाहेर ढकललं. कुस्करलेला बटाटा भिंतीवर गेला. अंड्याचा बलक दिसताच तिने ओठ असे मिटले, की चमच्याची कडाही आत शिरेना. असे नऊ-दहा दिवस गेले. मग एका दुपारी आजीने गाजर उकडून, गाळून, पातळ करून चमचाभर दिलं. ठकूने ते गिळलं, चमच्याकडे रोखून पाहिलं आणि पुन्हा तोंड उघडलं.

आजीला अगदी धन्य झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारचं गाजर ठरून गेलं. ठकूची आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. सकाळी निघताना पोरीच्या पोटात काहीतरी गेलंच पाहिजे म्हणून तीही पटकन गाजर आणि लाल भोपळा वाफवून भरवायची. बाप संध्याकाळी यायचा, साबणाने हात चोळून धुवायचा आणि बोटावर घेऊन चाटवायचा, तेही गाजरच. तिघांपैकी प्रत्येकाला वाटायचं, बाकीचे दोघे पोरीला निरनिराळं भरवून बघत असतील. विचारलं कुणीच नाही. पोर खात होती, एवढं सगळ्यांना पुरे होतं.

त्यांचं घर तळमजल्यावर होतं. खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत होती, त्यामुळे भर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागे. एका रविवारी सकाळी कपडे वाळत घालायला तो ठकूला कडेवर घेऊन गच्चीवर गेला. तिने त्याच्या हातावर हात ठेवला आणि त्याची नजर सहज तिकडे गेली.

तिचा तळवा पिवळा होता.

त्याने तिला उन्हाकडे वळवलं. नाकाचा शेंडा पिवळा, कानामागे पिवळं, पावलं तर पिवळीधमक. रंग ओळखण्यात त्याची नजर कधी चुकली नव्हती. आज तरी ती चुकावी, असं त्याला वाटत होतं. त्याने सदऱ्याच्या टोकाने तिचा तळवा पुसून पाहिला. रंग कातडीवर लागलेला नव्हता, आतला होता. मग त्याचं लक्ष स्वतःच्या बोटांकडे गेलं. नखांच्या कडेने कितीही घासलं तरी न निघणारी रंगाची रेघ होती. रंगाच्या प्रत्येक डब्यावर लिहिलेलं असतं, लहान मुलांपासून दूर ठेवा. आणि रोज संध्याकाळी हेच बोट तो तिच्या तोंडात घालत होता.

कपड्यांची बादली तशीच टाकून तो जिना उतरला. आपण कसे उतरलो, हे नंतर त्याला आठवेना.

"हिचा रंग बघ," तो बायकोला म्हणाला.

"दिव्याचा उजेड पडलाय अहो."

"मी उन्हात पाहिलंय."

त्याची आई स्वयंपाकघरातून आली. तिने ठकूचं पाऊल हातात घेतलं, उलटं करून तळवा पाहिला, परत आत जाऊन गॅस बंद केला आणि येऊन जमिनीवरच बसली.

"तिचेही तळवे असेच झाले होते," ती म्हणाली.

"कुणाचे?"

"तुझ्या बहिणीचे."

त्याला बहीण नव्हती. तो एकुलता एक, हे त्याने उभ्या आयुष्यात शेकडो वेळा लोकांना सांगितलं होतं.

"कुठली बहीण, आई?"

"तुझ्या आधीची. नऊ दिवसांची होती."

त्याची बायको आधी सावरली. तिने पिशवीत दुपटी कोंबली आणि दोघांनाही दाराबाहेर काढलं. टॅक्सीत तो पुढे बसला. ठकू मागून हात पुढे करत होती, पण त्याने स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. तिला हात लावायची त्याला भीती वाटत होती.

रविवार असल्यामुळे दवाखान्यात मुलांच्या एकच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी ठकूची खालची पापणी बोटाने ओढली, पोट दाबून पाहिलं, शी-शूचा रंग विचारला. थेंबभरने सगळं भडाभडा सांगून टाकलं. मी रंगारी आहे, माझ्या हातांतून गेलंय, रक्त तपासा, हवं तर माझंही तपासा.

"तपासू की," बाई म्हणाल्या. "पण आधी हिचे डोळे बघा. बुबुळाभोवती पांढरंशुभ्र आहे. कावीळ असती तर तिथे पिवळं दिसलं असतं. ही खाते काय?"

"दुपारी मी गाजर देते," आजी म्हणाली.

"सकाळी मीपण," सून म्हणाली. "गाजर आणि भोपळा."

दोघी त्याच्याकडे पाहू लागल्या.

"संध्याकाळी मी," तो म्हणाला. "गाजरच."

डॉक्टरबाईंना हसू आवरलं नाही. "म्हणजे हिला सात-आठ आठवडे तुम्ही तिन्ही त्रिकाळ गाजर घातलंय. तोच रंग कातडीत उतरलाय. काही धोका नाही, कमी केलंत की आपोआप जाईल. पण आता अंडं, मटार, बटाटा, सगळं सुरू करा. थुंकली तर थुंकू दे, दोन दिवसांनी पुन्हा द्या. दहा-पंधरा वेळा नाही म्हणतात मुलं, मग खातात."

तरी त्याच्या समाधानासाठी त्यांनी रक्त घेतलं. तासाभराने अहवाल आला, सगळं ठीक होतं. कुणी हसलं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर तो ठकूला मांडीवर घेऊन बसला. ठकू त्याच्या सदऱ्याचं बटण चोखत होती.

"मला कधीच का नाही सांगितलंस?" त्याने आईला विचारलं.

"ती पिवळी पडली तेव्हा लोक म्हणाले, कोवळ्या उन्हात ठेवा, जाईल. आम्ही ठेवलं. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. तू झालास तेव्हा तुझे बाबा म्हणाले, आता तो विषय नको. पुढे ते गेले, पण विषय नको तो नकोच राहिला."

"दिसायला कशी होती?"

"केस खूप होते." आईने ठकूच्या विरळ केसांच्या टाळूवरून हात फिरवला. "हिच्यासारखी टकली नव्हती."

ठकूचा रंग उतरायला दोन महिने लागले. अंडं तिने तेराव्या खेपेला खाल्लं, मटार अजूनही एकेक करून फेकते. कुणी काय भरवलं, ते आता घरात मोठ्याने सांगायची पद्धत पडली आहे. थेंबभरला आठवडाभर गॅरेजात एकही रंग धड जुळवता आला नाही. मालकाने कारण विचारलं तर तो म्हणाला, "घरी एक बातमी कळली." ती त्याच्या जन्माआधीची होती, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात आईला गुडघ्यासाठी तो दवाखान्यात घेऊन गेला. खिडकीवरच्या नर्सबाई अर्ज भरत होत्या. वय विचारलं, आधीची दुखणी विचारली.

"मुलं किती झाली?"

थेंबभर सवयीने "एक" म्हणणार होता. त्याच्या आधीच आई म्हणाली, "दोन. पहिली मुलगी."

नर्सबाईंनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.