शबानाला न सांगितलेला फोन

अगं ये, अशी जवळ बस — कागदावरच का होईना. टीम लीडर झालीस आणि मावशीला ते दुसऱ्याच्या तोंडून कळावं? वर मेसेज काय, तर ‘माणसं कशी निवडायची, कशी सांभाळायची, दोन ओळींत सांगा.’ दोन ओळींत! मावशीनं कधी सांगितलंय का काही दोन ओळींत? आणि आजचं तर कुणालाच सांगितलेलं नाय.

निवडायचं मला येतं. गुलमंडीत साड्यांच्या दुकानाच्या वर माझं ऑफिस. कॉलेज न बघता, पुस्तकं उलटीपालटी करून सॉफ्टवेअर शिकले, चितेगावच्या कारखान्यांची कामं केली. मुलाखतीत पदवी नाय विचारायचे. चालता प्रोग्राम मुद्दाम बिघडवून समोर ठेवायचे. जो लगेच बोटं चालवायला लागला, त्याला चहा पाजून घरी. जो विचारेल, ‘हे वापरतं कोण?’ — तो माझा. शबाना तर म्हणाली, “मॅडम, हे आपोआप नाय बिघडलं. कुणीतरी प्रेमानं बिघडवलंय.” अन् हसत माझ्याकडंच बघत होती!

पुढं कारखान्यातले सुपरवायझर माझ्याशी बोलेचनात. “फोन शबाना बाजी को दो.” बाजी म्हणजे ताई. लई अभिमान वाटायचा. अजून वाटतो.

मग पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. अख्खी टीम तिच्या हाती द्यायची होती. कशी आहे, विचारलं. लई हुशार, म्हणाले मी. आणि मग — आवाज बारीक करून — “पण घरचे बाहेरगावी नाय पाठवायचे. त्यांच्यात... समजून घ्या.” तिकडचा माणूस समजला. किती पटकन समजला! एक प्रश्न नाय विचारला.

आणि तिचे वडील? शहागंजात घड्याळं दुरुस्त करायचे. त्या फोनच्या आदल्याच आठवड्यात जिना चढून, धापा टाकत आले होते. “आपा, इसको आगे भेजो. पुणे, बंगलोर, जहाँ बोलेंगे. मैं हूँ ना.” मीच त्यांना चहा दिला होता. तरी त्यांच्याच आड लपले मी. ते आता नाहीत.

का केलं? मोठं काम अर्ध्यावर होतं, असं स्वतःला सांगितलं. काम तर संपलं — मग उलटा फोन का नाय केला? ती गेली असती तर कळलं असतं, टीम माझी नव्हतीच, तिची होती. ते मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. एवढंच.

आज ऑफिस तीच चालवते. नव्या पोरींना हसत सांगते, “मला कुठून बोलावणंच आलं नाय, म्हणून इथंच रुजले.” आणि त्यांच्यातल्या कुणाला बाहेरून बोलावणं आलं, की पेढे घेऊन स्वतः स्टेशनवर सोडायला जाते. माणसं सांभाळणं म्हणजे काय, ते तिला बघून शीक. हे तिला मी नाय शिकवलं.

लवकर ये गं, या रविवारीच ये. फक्त दुपारी ये. सकाळी शबानाला बोलावलंय.