आधी नाव, मग पाणी

ओवे गावच्या भामाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण भगवानशेठचं नाव तिच्याइतकं पनवेलात कुणी घेतलं नसेल. चोपन्न सालच्या उन्हाळ्यात शेठनी एस. टी. स्टँडासमोर पाणपोई घातली आणि तिला तिथं बसवलं. नेम असा, की कुणी ओंजळ पुढे केली की आधी शेठचं सगळं नाव, आईच्या पुण्यस्मरणासकट, सांगायचं आणि मग पाणी ओतायचं. एका म्हाताऱ्याला नाव ऐकता ऐकता घेरी आली, तरी भामानं नाव पुरं केलं. पोटाचा प्रश्न होता.

समोरच वकिलाच्या दमयंतीबाईंनी दुसरी पाणपोई काढली, तिथं वाळ्याचं पाणी. मग शेठनी पाण्याबरोबर गूळ ठेवला. लोकांची एस. टी. चुकू लागली. खरी तहान कुणाला आहे, याची चौकशी मात्र दोघांनीही केली नाही.

तहान होती भामाच्या मालूला. पोर बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि वैशाखात गावची विहीर खारट झालेली. भामानं रोज एक हंडा गोडं पाणी घरी न्यायला मागितलं. शेठ म्हणाले, घरी पिणाऱ्याला पाणपोईवरची माझ्या नावाची पाटी कशी दिसणार? भामा म्हणाली, मग हंड्यावर नाव घाला. शेठना हे इतकं पटलं, की आठवड्यात ओव्यात घरोघर नाव घातलेले हंडे गेले. लगोलग दमयंतीबाईंच्या कळशा आल्या. हंडे-कळशा, सगळं रिकामं.

दानाचा फोटो काढायला दोघंही गावात आली. भामानं नव्या हंड्यातून विहिरीचं पाणी पेल्यात दिलं. एका घोटात शेठचे डोळे पांढरे झाले, पण समोर फोटोवाला.

"गोड आहे," ते म्हणाले.

दमयंतीबाई कशा मागं राहतील? त्यांनी दोन पेले रिचवले आणि फारच गोड असल्याचं सांगितलं. बायका पदराआड हसल्या. भामाला हसू आलं नाही. घरात मालूचे ओठ सुकले होते.

"गोड हाय ना, शेठ? मंग उद्यापासून पानपोईला ह्येच पानी नेते. हंड्यावर तुमचं नाव हायेच."

दुसऱ्या सकाळी बैलगाडीतून गोड्या पाण्याचं पिंप ओव्यात आलं, त्यावर शेठचं हातभर नाव. भामानं तांब्या भरला आणि मालूच्या ओठांना लावला. नाव काही घेतलं नाही.